सर्दीची गोळीही औषधांत मोजा

लासलगावच्या बाजारात उन्हाळी कांद्याची आवक सुरू झाली, की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर शिंका वाढतात. चाळीत कांदा भरणाऱ्या आणि खळ्यावर प्रतवारी करणाऱ्या बायका दुपारच्या सुट्टीत येतात, तेव्हा त्यांच्या पदरावर, केसांत, पापण्यांवरसुद्धा कांद्याच्या पापुद्र्यांचा बारीक भुसा असतो. त्याच सुमाराला कुठे गव्हाची मळणी चालू असते. बांधावर गाजरगवत तर बारमाही उभं. १९५५च्या सुमाराला पुण्यात पहिल्यांदा नजरेला आलेलं हे तण आता राज्यात कुठे नाही, असं गाव सापडायचं नाही. त्याच्या परागानं नाक वाहतं आणि उपटणाऱ्याच्या हातामानेवर खाजरा चट्टा उठतो. मग एकच मागणी येते, "ताई, एक अ‍ॅलर्जीची गोळी द्या."

मी फार्मासिस्ट आहे आणि याच पट्ट्यात माझं आयुष्य काउंटरमागे गेलं आहे. गोळी देण्याआधी मी विचारते, "दुसरं काही औषध चालू आहे का?" उत्तर बहुतेक वेळा "काही नाही" असंच येतं. मग हळूहळू कळतं, की बीपीची गोळी चालू आहे, रात्री झोपेची अर्धी चालू आहे, आणि सकाळीच सर्दीची एक गोळी घेऊन झाली आहे. सर्दीची गोळी लोक औषधांत धरतच नाहीत. मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती याच सवयीची. अ‍ॅलर्जीची गोळी चांगली आहे, गरजेची आहे आणि योग्य माणसाला योग्य वेळी दिली तर बऱ्यापैकी सुरक्षितही आहे. पण ती औषध आहे, आणि तिला औषधांत मोजलं नाही तर तिचे दुष्परिणाम ओळखूही येत नाहीत.

एकच रसायन, दोन कामं

धूळ, पराग, एखादं खाणं किंवा कीटकाचा दंश शरीराला खपला नाही, की काही पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात. त्यानं रक्तवाहिन्या सैलावतात, नाक वाहतं, डोळे चुरचुरतात, अंगावर गांधी उठतात. हिस्टामिन शरीरात ज्या जागी जाऊन आपलं काम करतं, ती जागा आधीच अडवून ठेवायची, हे अँटिहिस्टामिन गोळीचं तत्त्व. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये डॅनियल बोव्हे यांनी १९३७ मध्ये असं पहिलं रसायन शोधलं. १९५७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

अडचण अशी, की हेच हिस्टामिन मेंदूत अगदी वेगळं आणि चांगलं काम करतं. ते आपल्याला जागं आणि सावध ठेवतं. १९४०च्या दशकात आलेली डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन, फेनिरामिन, क्लोरफेनिरामिन ही जुन्या पिढीची औषधं मेंदूत सहज शिरतात. नाकातलं हिस्टामिन अडवता अडवता ती मेंदूतलंही अडवतात, म्हणून झोप येते. आपल्याकडच्या बहुतेक सर्दीच्या मिश्र गोळ्यांत आजही क्लोरफेनिरामिनच असतं. प्रौढ माणसाच्या रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण वीस तास लागतात. म्हणजे रात्री नऊला घेतलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुपारीही शरीरात बऱ्यापैकी शिल्लक असते.

"मला नाही झोप येत त्यानं," असं छातीठोकपणे सांगणारे रोज भेटतात. त्यात पिकअपवाले जास्त. संध्याकाळी कांदा भरायचा, रात्री कसारा घाट उतरायचा आणि पहाटे वाशीच्या मार्केटला गाडी लावायची, असा त्यांचा दिनक्रम. गोण्या भरताना धूळ नाकात जाते, म्हणून निघताना एक गोळी तोंडात टाकायची. अशांना मी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात झालेला एक प्रयोग आवर्जून सांगते. तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. ४० जणांना गाडी चालवण्याच्या कृत्रिम यंत्रावर बसवलं. प्रत्येकाची वेगवेगळ्या दिवशी परीक्षा झाली: एकदा डायफेनहायड्रामिन घेऊन, एकदा नव्या पिढीचं फेक्सोफेनाडिन घेऊन, एकदा दारू पिऊन आणि एकदा औषध नसलेली गोळी घेऊन. दारूचं प्रमाण रक्तात साधारण ०.१ टक्का येईल इतकं होतं. आपल्या कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. मर्यादेच्या तिपटीहून जास्त दारू प्यालेल्या माणसापेक्षाही डायफेनहायड्रामिन घेतलेल्याचं चालवणं एकंदरीत वाईट निघालं. फेक्सोफेनाडिन घेतलेले मात्र नीट चालवत होते.

त्या प्रयोगातली खरी शिकवण पुढेच आहे. चालकांना "किती झोप येतेय?" असं विचारलं होतं, आणि त्यांच्या उत्तरावरून त्यांचं चालवणं किती बिघडलं आहे, याचा अंदाज नीट बांधता येत नव्हता. जांभई आली नाही, डोळे जड झाले नाहीत, तरी हात आणि नजर मंदावलेली असू शकते. म्हणून "मला काही होत नाही" हे उत्तर मी ग्राह्य धरत नाही. गाडी, ट्रॅक्टर, मळणीयंत्र किंवा कडबाकुट्टी, यांपैकी कशावरही हात असेल तर जुन्या पिढीची गोळी नको. आणि तिच्यावर दारू तर मुळीच नको, कारण दोघांचा परिणाम एकमेकांत मिसळून वाढतो.

कोरडं तोंड, तुंबलेली लघवी

जुनी गोळी हिस्टामिनवर थांबत नाही. शरीरात अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं आणखी एक रसायन आहे. लाळ सुटणं, आतडी हलणं, मूत्राशय आकसून लघवी बाहेर टाकणं ही कामं त्याच्या इशाऱ्यावर चालतात. जुन्या अँटिहिस्टामिन त्यालाही अडवतात. नाक कोरडं पडतं ते काही अंशी यामुळेच, आणि ते आपल्याला हवंही असतं. पण त्याबरोबर तोंड कोरडं पडतं, शौचाला खडा होतो, जवळचं वाचताना अक्षरं पुसट दिसतात, कधी छातीत धडधडतं. काचबिंदूच्या एका प्रकारात, ज्यात डोळ्यातलं पाणी बाहेर जायचा कोन अरुंद असतो, डोळ्यातला दाब अचानक चढू शकतो.

आमच्या गल्लीतले एक निवृत्त गुरुजी. त्यांना प्रोस्टेटचा जुना त्रास. रात्री दोन-तीनदा उठायचे, धार बारीक, पण निभत होतं. थंडीत सर्दी झाली तशी शेजाऱ्याकडे उरलेल्या गोळ्या त्यांनी दोन दिवस घेतल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे काकू दुकानाचं शटर वर जायच्या आधी दारात उभ्या. गुरुजींची लघवी रात्रीपासून बंद होती, ओटीपोट दगडासारखं घट्ट झालं होतं आणि ते येरझाऱ्या घालत होते. मी काकूंना तसंच दवाखान्यात पाठवलं. नळी घातल्यावर मोकळं झालं. डॉक्टरांनी खिशातलं पाकीट बघितलं, तर त्यात क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन. पहिल्यानं मूत्राशयाचा स्नायू ढिला पडला, दुसऱ्यानं मूत्राशयाचं तोंड आवळलं. गुरुजी चार दिवसांत बरे झाले. नंतर भेटले तेव्हा म्हणाले, "अगं, प्रोस्टेटच्या डॉक्टरांना सर्दीची गोळी कशाला सांगायची, असं वाटलं मला." घरोघरी हेच वाटतं.

म्हाताऱ्या माणसांत आणखी एक गोष्ट घडते आणि ती फार फसवी असते. आजी दोन दिवसांपासून असंबद्ध बोलतायत, रात्री उठून दार शोधतायत, नातवाला दुसऱ्याच नावानं हाक मारतायत. घरचे म्हणतात, वय झालं. कित्येकदा ते वय नसतं, त्या आठवड्यात सुरू झालेली खाजेची किंवा सर्दीची गोळी असते. वयोवृद्धांना टाळावीत अशा औषधांची 'बिअर्स यादी' अमेरिकेत १९९१पासून आहे. जुन्या पिढीच्या अँटिहिस्टामिन आजही तिच्यात आहेत. मेंदू गोंधळणं आणि तोल जाऊन पडणं, ही त्यामागची मुख्य कारणं. २०१५ मध्ये अमेरिकेतच ६५ वर्षांवरच्या ३,४३४ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अ‍ॅसिटिलकोलीन अडवणारी औषधं वर्षानुवर्षं जास्त प्रमाणात घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश अधिक आढळला. त्या औषधांत नैराश्याच्या आणि मूत्राशयाच्या काही गोळ्यांबरोबर जुन्या अँटिहिस्टामिनही होत्या. गोळीमुळेच स्मृतिभ्रंश झाला, असं या अभ्यासातून सिद्ध होत नाही. पण झोप लागावी म्हणून रोज रात्री अ‍ॅलर्जीची गोळी घेणाऱ्या आजी-आजोबांना थांबवायला एवढं कारण मला पुरेसं वाटतं. शिवाय काही दिवसांत शरीराला तिची सवय होते आणि झोपही पहिल्यासारखी लागत नाही.

लेकरं आणि परीक्षा

"बाळाला शिंका येतायत, झोपत नाहीये, ड्रॉप्स द्या." ही मागणी चिठ्ठीशिवाय आली, की मी हात जोडते. ड्रॉप्समध्ये औषध सिरपपेक्षा अनेकदा दाट असतं, त्यामुळे मोजण्यातली थोडी चूकही लहानग्या शरीराला मोठी पडते. काही मुलं या औषधानं झोपायच्या ऐवजी उलट चिडचिडी होतात, रात्रभर उड्या मारतात. आणि मात्रा फार झाली तर श्वास मंदावणं, झटके येणं इथपर्यंत मजल जाते. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००४ मध्येच दिला होता. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन यांचं सर्दीचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं लेबलवर छापायला सांगितलं. घरातल्या मोठ्या मुलाची उरलेली बाटली धाकट्याला देणाऱ्या आयांनी एवढी एक ओळ लक्षात ठेवावी.

मोठ्या मुलांचा प्रश्न निराळा. आपल्या दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऐन शिंकांच्या दिवसांत येतात. ब्रिटनमध्ये १५ ते १७ वर्षांच्या १,८३४ विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथेही अंतिम परीक्षा परागाच्या दिवसांत असते. ज्यांना परागाच्या अ‍ॅलर्जीचा त्रास चालू होता, त्यांची श्रेणी सराव परीक्षेपेक्षा अंतिम परीक्षेत घसरण्याची शक्यता ४० टक्क्यांनी जास्त होती. ज्यांनी त्यावर झोप आणणारी गोळी घेतली होती, त्यांची ७० टक्क्यांनी. याचा अर्थ आजार अंगावर काढणंही वाईट आणि चुकीची गोळी घेणं त्याहून वाईट. परीक्षेच्या महिनाभर आधीच मुलाला डॉक्टरांकडे न्या आणि झोप न आणणारं औषध ठरवून घ्या. पेपरच्या सकाळी नवीन गोळीचा प्रयोग करू नका.

कापलेलं पाकीट

आता एक गोष्ट माझ्याच धंद्यातली. गिऱ्हाईक दोन गोळ्या मागतं, दुकानदार कात्री घेतो आणि पाकिटाचा तुकडा कापून देतो. नाव, घटक, मुदत छापलेला भाग दुकानात राहतो आणि गिऱ्हाइकाच्या हातात दोन फुगवट्यांचा चांदीचा कोरा तुकडा येतो. घरी गेल्यावर ती गोळी फक्त 'पिवळी' किंवा 'पांढरी' उरते. मी घटकाचं नाव छापलेलं टोक सोडून देत नाही, किंवा नाव पाकिटावर पेनानं लिहून देते. तुम्हीही तेवढा आग्रह धरा.

कारण सगळा घोटाळा तिथे आहे. पाकीट उलटं करून उजेडात धरा. मोठ्या अक्षरातल्या ब्रँडच्या नावाखाली बारीक ओळीत घटक असतात: पॅरासिटामॉल अमुक, फेनिलएफ्रिन तमुक, क्लोरफेनिरामिन मॅलिएट २ मिलिग्रॅम. आता खोकल्याच्या बाटलीवरची तशीच ओळ वाचा. तिथेही बऱ्याचदा क्लोरफेनिरामिन किंवा डायफेनहायड्रामिन सापडेल. गाडी लागू नये म्हणून घ्यायच्या गोळीत आणखी एखादं. तीन वेगळ्या नावांची तीन औषधं म्हणून माणूस घेतो आणि पोटात जातो तिप्पट अँटिहिस्टामिन. जुन्या गोळ्यांवर आणखी एक ओळ असते, कारण औषध नियमांच्या 'जी' अनुसूचीत त्यांची नावं आहेत: डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय हे औषध घेणं धोक्याचं आहे. ती ओळ इंग्रजीत असते आणि मुंगीएवढ्या अक्षरात. ज्यांच्यासाठी ती छापली, त्यांच्यापर्यंत ती पोचतच नाही. ती मराठीत आणि वाचता येईल एवढी मोठी हवी, असं मला मनापासून वाटतं.

पाकीट न बघता मागितल्यानं आणखीही गोंधळ होतात. कोणी "पित्ताची गोळी" मागितली, की मी आधी विचारते, छातीत जळजळतंय की अंगावर गांधी आल्यात? दोन्हींचं औषध पूर्ण वेगळं आहे.

आणि एक मागणी अशी, जी मी साफ नाकारते: "पोरगी फार बारीक आहे, लग्न ठरवायचंय, वजन वाढायची गोळी द्या." ही गोळी बहुधा सिप्रोहेप्टाडिनची असते. तीही जुन्या पिढीची अँटिहिस्टामिनच. भूक वाढणं हा तिचा परिणाम, आणि नेमका तोच विकला जातो. कुठे कुठे तिच्या जोडीला स्टेरॉइडची गोळी दिली जाते, मग चेहरा सुजून गोल होतो आणि घरच्यांना वाटतं, पोरगी भरली. गोळी बंद झाली की भूकही उतरते. मुलगी बारीक असेल तर तिचं हिमोग्लोबिन तपासा, थायरॉइड बघा, तिच्या ताटात काय पडतं ते बघा.

नवी पिढी: बरी, पण तिचेही नियम आहेत

सेट्रिझिन, लिव्होसेट्रिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन ही नव्या पिढीची औषधं मेंदूत फारशी शिरत नाहीत. कोरडेपणा आणि लघवीचा त्रासही त्यांनी कमी होतो. म्हणून पहिली पसंती त्यांनाच. तरी "झोप न येणारी गोळी" हे वर्णन सगळ्यांना सारखं लागू नाही. सेट्रिझिनच्या अमेरिकेतल्या चाचण्यांत साधारण १४ टक्के लोकांना झोप आली, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ६ टक्क्यांना. ती रात्री घेतलेली बरी. मूत्रपिंड कमजोर असेल तर सेट्रिझिन आणि लिव्होसेट्रिझिन शरीरात साठतात, मात्रा कमी करावी लागते. फेक्सोफेनाडिननं झोप सर्वांत कमी येते, पण संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतलं तर ते आतड्यातून कमी शोषलं जातं. आम्लपित्ताच्या पातळ औषधाबरोबरही तसंच. साध्या पाण्यानं घ्या.

या पिढीचा एक धडा सगळ्या औषधक्षेत्रानं जपून ठेवला आहे. झोप न आणणारं म्हणून १९८५ मध्ये अमेरिकेत आलेलं टर्फेनाडिन जगभर खपलं. यकृत त्याचं जवळजवळ पूर्णपणे फेक्सोफेनाडिनमध्ये रूपांतर करतं, म्हणून ते चाललं. पण सोबत एरिथ्रोमायसिन किंवा कीटोकोनाझोल घेतलं, की यकृताचं ते काम अडायचं, मूळ टर्फेनाडिन रक्तात साठायचं आणि हृदयाचा ठेका जीवघेणा बिघडायचा. १९९७-९८ मध्ये ते अमेरिकेतून मागे घेतलं गेलं. भारतात त्यावर आणि तशाच अ‍ॅस्टेमिझोलवर २००३ मध्ये बंदी आली. गोळी एकटी निरुपद्रवी असली तरी जोडीला काय आहे, यावर सगळं ठरतं. "दुसरं काही चालू आहे का?" हा माझा प्रश्न त्यासाठी असतो.

ताजी भर मे २०२५ ची. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं इशारा दिला, की सेट्रिझिन किंवा लिव्होसेट्रिझिन दीर्घकाळ, बहुधा महिनोन्महिने रोज घेऊन अचानक थांबवलं, तर काही दिवसांत सगळ्या अंगाला असह्य खाज सुटू शकते. २०१७ ते २०२३ या काळातल्या अशा २०९ नोंदी त्यांच्याकडे होत्या. जगभर कोट्यवधी लोक ही गोळी घेतात, त्या मानानं हे विरळच. पण गंमत नाही, कारण माणसाला वाटतं जुनी अ‍ॅलर्जीच उलटली, आणि तो पुन्हा गोळीकडे वळतो. असं झालं तर डॉक्टरांशी बोलून गोळी हळूहळू कमी करावी लागते. आणि ज्याला वर्षभर रोज गोळी लागते, त्याला मी सांगते की आता कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. सततच्या वाहत्या नाकावर नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा पुष्कळदा गोळीपेक्षा चांगलं काम करतो. कांदा निवडताना तोंडानाकाला नीट बसणारा मास्क बांधला, तर निम्मी गोळी तिथेच वाचते.

एका बाबतीत मात्र गोळीवर विसंबून राहूच नका. मधमाशी चावल्यावर, इंजेक्शननंतर किंवा काही खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली, आवाज बदलला, श्वास कोंडला, चक्कर आली, तर ती तीव्र अ‍ॅलर्जी असते. तिथे जीव वाचवतं ते अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन. गोळी लागू पडायची वाट बघण्यात जाणारी वीस मिनिटं परत मिळत नाहीत. १०८ ला फोन करा आणि निघा.

कोणत्याही गोळीनं त्रास झालाच, तर तो सोसून गप्प बसू नका. भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे आणि त्याच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्णालाही तक्रार नोंदवता येते. अशा एकेका नोंदीतूनच टर्फेनाडिन पकडलं गेलं, खाजेचा इशारा निघाला.

घरातल्या प्रत्येकाची चालू औषधं एका कागदावर लिहून ठेवा, ब्रँडचं नाव नाही तर घटकाचं. त्यात सर्दीची, खाजेची, गाडी लागण्याची गोळीही लिहा. डॉक्टरकडे आणि मेडिकलमध्ये जाताना तो कागद बरोबर न्या. आमच्याकडे असा कागद आणणारी माणसं आता दिसू लागली आहेत. त्यांना औषध देताना मला निर्धास्त वाटतं.